घरातली जागल

घोरणाऱ्या माणसाइतका निर्धास्त आरोपी दुसरा नसेल. गुन्हा रोज घडतो, ठरल्या वेळी घडतो, त्याच पलंगावर घडतो, आवाज चार घरं ओलांडून जातो, आणि सकाळी हाच इसम तोंड धुऊन, भांग पाडून चहाला बसतो आणि विचारतो, "मी? मी कुठं घोरतो? मी तर जागाच होतो." आमच्या ह्यांनी हे वाक्य लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात उच्चारलं आणि पुढं कैक वर्षं त्यात काना-मात्रेचा फरक केला नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होते. पोर खोटं बोलतंय की खरं, हे मला त्याच्या कानाच्या पाळीवरून कळतं. ह्यांच्या तोंडावर खोटेपणाचा मागमूस नसायचा. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. साक्षीदार एकच, आणि ती आरोपीची बायको. अशी साक्ष कुठल्या कोर्टात टिकते?

सासरचं कोर्ट तर उघडउघड आरोपीच्या बाजूचं. सासूबाई म्हणायच्या, "दमून येतंय माझं पोर, बिनघोर झोपतंय. झोपू दे." त्यांच्या लेखी घोरणं हे अंगी लागलेल्या जेवणाचं आणि फिटलेल्या कर्जाचं लक्षण होतं. आमच्याकडे सगळेच असं मानतात. मंगल कार्यालयात वऱ्हाड झोपलं की कोण कुठं आडवं झालंय हे अंधारात नुसत्या आवाजावरून सांगणारी माणसं आमच्या घराण्यात आहेत. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर निघालेल्या दिंड्या आमच्या जिल्ह्यातूनच पंढरीला जातात. एखाद्या शाळेत मुक्काम पडला, की दिवसभर एका टाळाच्या ठेक्यावर चाललेले वारकरी रात्री मात्र ज्याच्या त्याच्या तालात. त्यात कुणाला आजारबिजार दिसत नाही, कष्टाची पावती दिसते. आणि जिल्हाही असा, की नगरजवळ मेहेराबादला मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ ला मौन धरलं ते १९६९ साली देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. आजही दर १० जुलैला त्यांचे भक्त दिवसभर मौन पाळतात. मी एकदा ह्यांना म्हटलं, तुम्हीही धरा, फक्त रात्रीचं.

आमचं घर संगमनेरपासून जरा आत, मळ्यात. तिन्ही बाजूंनी ऊस, आणि उसात बिबट्या. आमच्या भागात आता याचं नवल उरलेलं नाही. मादी फडातच विते, पिल्लं तिथंच वाढतात, आणि रात्रीच्या लाइटीवर पाणी भरायला जाणारा माणूस हातात बॅटरी, काठी आणि मोबाईलवर मोठ्यानं लावलेलं गाणं घेऊन निघतो. बिबट्या सिंहासारखी डरकाळी फोडत नाही. लाकडावर करवत ओढावी तसा, श्वास आत-बाहेर करत, खरखरीत आवाज काढतो. एकदा अपरात्री शेजारच्या वस्तीवरचे तिघं-चौघं आमच्या खिडकीखाली येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, दार उघडू नका. जनावर भिंतीलगत आहे." मी खिडकी उघडली आणि त्यांना बॅटरी आत मारायला सांगितलं. जनावर लुंगी लावून उताणं झोपलं होतं. सकाळी हेच मला विचारतात, "रात्री बिबट्या आला होता म्हणे? मला उठवायचं नाही का?"

पण त्रास मला आवाजाचा नव्हताच. आवाजाची सवय होते; कारखान्याच्या भोंग्याशेजारी राहणारी माणसं झोपतातच की. त्रास व्हायचा तो आवाज थांबला की. घोरणं चढत चढत जायचं आणि मध्येच तुटायचं. सगळं गप्प. छाती-पोट हलतंय, आतून ओढ चाललीय, पण नाकाशी हात धरावा तर वारा नाही. मी अंधारात उठून बसायचे आणि आकडे मोजायचे. पाढे शिकवणारीला दुसरं काय सुचणार? कधी पंधरा, कधी वीस, एखाद्या वेळी तीस. मग एक जोराचा हिसका, एक मोठा घोट, कूस बदलणं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. शेतकरी पिकाच्या जागलीला जातात ते निदान पाळीपाळीनं. माझी पाळी सोडवायला कुणी येत नव्हतं.

आत काय घडतं ते पुष्कळ नंतर एका डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं. जागेपणी घशाचे स्नायू श्वासाची वाट ताणून उघडी धरतात. झोपेत ते सैलावतात. जीभ मागं सरकते, मऊ टाळू आणि पडजीभ खाली येतात. वाट अरुंद झाली की हवा कडेचं मांस थरथरवत जाते, ते घोरणं. वाट पुरतीच मिटली की श्वास बंद. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त बंद राहिला तर तो मोजायचा, असा नियम. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू खडबडून माणसाला जागं करतो, घसा पुन्हा ताठ होतो, वाट उघडते. हे जागं होणं इतकं अर्धवट आणि इतकं क्षणाचं असतं की सकाळी त्याची आठवण राहत नाही. रात्रभर हेच चाललं तर माणूस आठ तास अंथरुणात काढूनही झोपलेलाच नसतो. याला म्हणायचं ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया. आणि म्हणजे ह्यांचं "मी जागाच होतो" हे वाक्य शास्त्रानं निम्मं खरं ठरवलं. ते ऐकवण्याची एकही संधी त्यांनी त्यानंतर सोडलेली नाही.

घोरणाऱ्याचं काय करावं, याचा मला आवडणारा दाखला आमच्याच जिल्ह्यातला, शिर्डीचा. साईसच्चरिताच्या आठव्या अध्यायात हेमाडपंतांनी मशिदीतल्या रात्रीचं वर्णन केलंय. साईबाबा, तात्या कोते पाटील आणि म्हाळसापती तिघं तिथं झोपत. डोकी तीन दिशांना आणि पाय मध्ये एकमेकांना टेकलेले. मध्यरात्रीपर्यंत गप्पा. तात्या घोरायला लागले की बाबा उठून त्यांना हलवत, डोकं दाबून देत. म्हाळसापतींना झोप अनावर झाली तर त्यांचे पाय चोळत, पाठ रगडत. तात्यांनी अशी चौदा वर्षं मशिदीत काढली. पारायणाला बसलेली माणसं या अध्यायात भक्ती शोधतात, ती आहेच. मी तिथं रेंगाळते ते वेगळ्या कारणानं. घोरणाऱ्यावर तिथं कुणी चिडत नाही. त्याला हलवतात आणि हलवून वर डोकंही दाबतात. पुढं पंचेचाळिसाव्या अध्यायात तर उलटाच प्रकार. बाबा म्हाळसापतींना सांगतात, माझ्या छातीवर हात ठेवून बैस, आत नाम चाललंय त्याकडे लक्ष दे, मला झोप लागतेयसं वाटलं तर उठव. आणि राखणीला बसलेल्या म्हाळसापतींचाच हात झोपेनं दगडासारखा जड होतो. बाबाच हाक मारून त्यांना जागं करतात. ही रात्रपाळी म्हाळसापतींसारख्यांना झेपली नाही, मग मी कोपरानं ढोसता ढोसता कलंडले तर बिघडलं कुठं?

ह्यांना दवाखान्याची पायरी चढायला लावली ती मात्र संगीतकार बप्पी लाहिरींनी. 'डिस्को डान्सर' आला तेव्हा, १९८२ साली, हे ऐन कॉलेजात. पांढरी पँट घालून नाचायचे असं त्यांच्या बहिणीच सांगतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत जुहूच्या रुग्णालयात बप्पीदा गेले, वय ६९. डॉक्टरांनी कारण सांगितलं ते ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया. हे ओसरीवर बसून पेपर वाचत होते. वाचता वाचता थांबले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "अगं, घोरण्यानं माणूस जातो?" मी मेथी निवडत होते. मी मान वर केली नाही. सोन्यानं मढलेल्या माणसाचं ऐकतायत, तर ऐकू दे.

दवाखान्यात आठ प्रश्नांचा एक कागद असतो. टोरँटोच्या भूलतज्ज्ञ डॉ. फ्रान्सिस चुंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा कागद, २००८ पासून जगभर फिरतोय. मोठ्यानं घोरता का, दिवसा थकवा असतो का, रक्तदाब आहे का. वजन, वय, गळ्याचा घेर, पुरुष की स्त्री. गळ्याचा घेर आमच्या शिंप्याला डॉक्टरांच्या आधी कळला होता. पुरुषाची कॉलर सतरा इंचांच्या पुढं गेली की डॉक्टर सावध होतात, आमचा शिंपी फक्त "साहेबांना पैसा मानवला" म्हणतो. आठांतला एक प्रश्न असा: झोपेत तुमचा श्वास थांबताना कुणी पाहिलंय का? तो वाचून डॉक्टरांनी ह्यांच्यावरची नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला कुणी साक्षीला पुकारलं होतं. मी बोलले. बरंच बोलले. डॉक्टरांनी मध्येच घड्याळ बघितलं तरी बोलले.

दुसरा कागद मेलबर्नचा. तिथल्या एपवर्थ हॉस्पिटलमधल्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये काढलेला. आठ प्रसंग दिलेत, प्रत्येक वेळी डुलकी लागण्याची शक्यता शून्य ते तीन अशी मांडायची, बेरीज दहाच्या वर गेली की दिवसाची झोप प्रमाणाबाहेर. डॉक्टर मोठे असतील, पण त्यांनी आमच्याकडची दुपार पाहिलेली नव्हती. 'जेवणानंतर शांत बसले असता' झोप येते का, असं ते विचारतात. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहात कढया भरून आमटी आणि भाकरीच्या राशी असतात. ती आमटी भुरकून जो मांडवात जागा राहील, तपासणी त्याची करायला हवी. 'दुपारी आडवे झाले असता'? आडवं व्हायचं तेच मुळी त्यासाठी. 'सभेत गप्प बसले असता'? ह्यांची उभी नोकरी पतसंस्थेत गेली. वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवालवाचन सुरू झालं की व्यासपीठासकट सगळे पेंगतात. एकजण "मंजूर" म्हणतो आणि बाकीचे त्या दचक्यानं "मंजूर, मंजूर" ओरडतात. प्रवरानगरला विठ्ठलराव विख्यांनी राज्यातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला ती माणसं जागी होती. पुढच्या सभांचं मी बोलत नाही.

तरी त्या कागदावर दोन प्रसंग असे होते की तिथं माझं हसू थांबलं. एक, 'कुणाशी बोलत बसले असता'. हे समोरच्याचं बोलणं ऐकताना नव्हे, स्वतःचं वाक्य बोलताना झोपायचे. "त्या व्याजाचं असंय की" इथपर्यंत यायचे आणि व्याज तिथंच साचत राहायचं. दुसरा गाडीचा. कागदावर तो रहदारीत थांबलेल्या गाडीचा आहे. आमची गाडी चालू होती. संगमनेरहून पुण्याकडे निघालं की चंदनापुरीचा घाट लागतो. त्या घाटात एकदा ह्यांचे डोळे मिटलेले मी पाहिले, आणि ओरडले ते अजून माझ्या कानात आहे. त्यानंतर मी गाडीत अखंड बोलायला लागले. नातेवाइकांत मी फार बडबडी म्हणून प्रसिद्ध आहे; त्यांना काय सांगणार, की नारायणगावापर्यंत मी भाज्यांचे भाव सांगत होते ते सगळ्यांचा जीव वाचावा म्हणून. हा आजार अंगात मुरला तर रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो; पण त्याच्या आधी तो रस्त्यावर गाठतो. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री समोरून येताना दिसले की मला चालवणाऱ्याचं वय आणि गळा बघावासा वाटतो.

डॉक्टरांकडून आणखी एक कथा कळली ती ह्यांना फार लागली. डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मध्ये जो नावाचा एक लठ्ठ पोऱ्या आहे, दार ठोठावता ठोठावता उभ्या उभ्या झोपणारा. ते पुस्तक १८३६ मध्ये छापायला लागलं. पुढं १९५६ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशाच एका रुग्णाची हकीकत लिहिली आणि आजाराला पिकविकचं नाव दिलं. तो रुग्ण चांगला कंपनीतला साहेब. दर आठवड्याला पोकर खेळायचा. एका रात्री त्याच्या हातात तीन एक्के आणि दोन राजे आले आणि त्याला तिथंच डुलकी लागली. डाव हातातून गेला. थोड्याच दिवसांत तो दवाखान्यात दाखल झाला. त्याचा आजार ह्यांच्या आजाराचा थोरला भाऊ, असं डॉक्टर म्हणाले. चंदनापुरीच्या घाटानं ह्यांचं काही झालं नव्हतं. तीन एक्के आणि दोन राजे ऐकून मात्र चेहरा उतरला. दिवाळीत आमच्याकडे पत्ते बसतात.

मग तपासणी. छातीला पट्टा, नाकाशी नळी, बोटाला चिमटा, आणि एक रात्र आपल्याच घरी झोपायचं. सकाळी यंत्र परत द्यायचं. श्वास तासाला सरासरी किती वेळा अडला, तो आकडा येतो. पाचपर्यंत चालतं; पंधरापर्यंत सौम्य, तीसपर्यंत मध्यम, त्याच्या वर तीव्र. ह्यांचा आकडा आला अडतीस. ह्यांनी विचारलं, "पैकी किती?" डॉक्टर गप्प. हे माझ्याकडे वळून म्हणाले, "पस्तीसला पास असतं ना गं?"

उपाय आहे तो हवेचा. १९८० पर्यंत तीव्र रुग्णासाठी खात्रीचा उपाय एकच होता: गळ्याला भोक पाडून श्वासनलिकेत थेट वाट करायची. त्या साली सिडनीमध्ये डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी घर झाडायच्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी जोडली, मुखवटा चिकटवून रुग्णाच्या नाकात दाबानं हवा सोडली, आणि मिटणारी वाट रात्रभर उघडी राहिली. हवा इथं औषध नाही, नुसता टेकू आहे. १९८१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पाच रुग्णांची हकीकत छापून आली, आणि त्या मोटरचा वंश आज सीपॅप नावानं जगभर उशापाशी बसलाय. मला त्या पाचांपेक्षा त्यांच्या बायकांची हकीकत वाचायला आवडली असती. ती 'लॅन्सेट'नं छापलेली नाही.

नाकाला नळी म्हटल्यावर हे बिचकले. "आधी साधं काही करून बघू." उताणं झोपलं की जीभ मागं पडते, म्हणून कुशीवर झोपायचं, त्यासाठी पाठीला चेंडू शिवायची युक्ती जगभर चालते. मी बंडीच्या पाठीवर खिसा शिवला आणि त्यात नातवाचा टेनिसचा चेंडू बसवला. ज्यांना उताणं झोपल्यावरच त्रास होतो त्यांना याचा उपयोग होतो. ह्यांना सगळ्या बाजूंनी होता. चेंडूवर उताणे झोपून घोरणारा माणूस मी प्रत्यक्ष पाहिलाय. संध्याकाळचा श्रमपरिहार बंद झाला, कारण दारूनं घसा आणखी ढिला पडतो. जेवण उतरलं, शतपावली सुरू झाली, वजन थोडं हललं. अडतीसला तेवढ्यानं काय होणार?

शेवटी यंत्र आलं. बऱ्यापैकी मोबाईलइतकी किंमत. ते बसवायला आलेला मुलगा माझा विद्यार्थी निघाला. "बाई, सरांनी रोज लावायला पाहिजे हं," असं म्हणाला, आणि इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून गृहपाठ ऐकताना मला बरं वाटलं. मुखवटा चढवून, लांब नळी छातीवर घेऊन हे बसले तेव्हा नातवानं हात जोडले. त्याला गणपती वाटला. यंत्रात पाणी घालावं लागतं, हवा कोरडी लागू नये म्हणून. आमच्या बोअरच्या पाण्यानं किटलीच्या बुडाला पांढरे थर बसतात, तेव्हा डिस्टिल्ड वॉटर आणायचं ठरलं. दुकानदार म्हणाला, "काकू, किती बॅटऱ्या आहेत घरात?" मी एकच म्हटलं.

आणि लाइट. मळ्यातल्या घराला लाइट म्हणजे पाहुणा. वळवाच्या पावसात तार तुटली की रात्र गेली. लाइट गेली की यंत्र थांबतं, यंत्र थांबलं की हे सुरू होतात. मला लाइट गेल्याचं पंख्यावरून कळत नाही, ह्यांच्यावरून कळतं. शेवटी इन्व्हर्टर घेतला, आणि दुकानदाराची बॅटरी खरी ठरली.

पहिले काही आठवडे मुखवटा रात्री निघून उशाखाली जायचा आणि सकाळी ह्यांचं नवं वाक्य, "मी काढलाच नाही." पण यंत्र हे सगळं लिहून ठेवतं. किती तास लावला, किती हवा गळाली, श्वास किती वेळा अडला. सकाळी पडद्यावर आकडे उमटतात. तासाला तीन. ते बघून हे मला गंभीरपणे सांगतात, "काल चांगली झोप लागली हं मला." मी जन्मभर सांगितलं ते पटलं नाही, मुठीएवढ्या पडद्यानं सांगितलं की लगेच पटतं. मी रागावले नाही. साक्षीदाराला कधीतरी सुटी हवीच असते.

अधूनमधून ह्यांना यंत्रातून सुटका हवी होते. २०२५ मध्ये जयपूरच्या डॉक्टरांचा अभ्यास पेपरात आला: मध्यम स्वरूपाच्या ॲप्नियाचे तीस रुग्ण, त्यांतल्या काहींनी सहा महिने, आठवड्यातून पाच दिवस, पंधरा-पंधरा मिनिटं शंख फुंकला, त्यांची दिवसाची झोप चौतीस टक्क्यांनी घटली, तासाला अडणारे चार-पाच श्वास कमी झाले. घशाला व्यायाम होतो म्हणे. आधी स्वित्झर्लंडमध्ये ऑस्ट्रेलियन आदिवासींचं लांबलचक वाद्य, डिजरिडू, पंचवीस माणसांवर आजमावून झालं होतं. तो अभ्यास २००६ मध्ये छापून आला आणि २०१७ मध्ये त्याला इग्नोबेल पारितोषिक मिळालं, तेही शांततेचं. हे वाचून ह्यांनी देवघरातला शंख उचलला. पहाटे साडेपाचला. पहिल्या दिवशी नुसता वारा निघाला, दुसऱ्या दिवशी शंखासारखं काहीतरी, तिसऱ्या दिवशी शेजारचे आले. जे बिबट्यासाठी आले होते तेच. मी ह्यांना समजावलं, की तीस रुग्णांचा लहानसा अभ्यास आहे, तोही मध्यम लोकांचा, तुम्ही डिस्टिंक्शनवाले. शंख देवघरात गेला.

रात्री शांत झाल्यावर मला पहिल्यांदा दुसरे आवाज ऐकू यायला लागले. लांबचे ट्रॅक्टर, पाटाचं पाणी, आणि शेजारच्या वस्तीवरून एक ठसठशीत, लयदार घोरणं. बॅटरी घेऊन आलेल्यांपैकीच कुणाचं तरी. ह्यांच्या आवाजाआड ते एवढी वर्षं सुखेनैव लपलं होतं.

एवढ्यावर भागतं तर बरं होतं. नीट झोप व्हायला लागल्यावर हे पहाटे ताजेतवाने उठून बसायला लागले आणि एके दिवशी चहा घेताना मला म्हणाले, "अगं, तू घोरतेस." मी म्हटलं, "मी? मी जागीच होते." डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, पाळी गेल्यावर बायकांनाही होतं, फक्त बायका घोरण्याची तक्रार घेऊन येत नाहीत, थकवा, डोकेदुखी, झोप मोडते असलं काहीतरी सांगतात, आणि त्यांच्या शेजारी जागणारं सहसा कुणी नसतं. तोच पट्टा, तीच नळी, तोच चिमटा. माझा आकडा आला अकरा. ह्यांनी कागद दोनदा वाचला आणि अतिशय हळुवारपणे, शाळेच्या बाईला कसं सांगावं या संकोचानं म्हणाले, "नापास." चेंडूची बंडी हल्ली मी वापरते. मला तिचा गुण आला.

आता नात्यागोत्यात माझं नाव झालंय. बायका आपापल्या ह्यांचे आवाज मोबाईलवर टेप करून आणतात. पाथर्डीहून आलेलं घोरणं, राहुरीचं, एक तर थेट पुण्यातल्या फ्लॅटमधलं, दबकं, सोसायटीला घाबरून घोरल्यासारखं. मी डॉक्टर नाही, औषध सांगत नाही, नुसतं ऐकते आणि मध्ये थांबतंय का ते बघते. थांबत असलं तर म्हणते, हे घेऊन दवाखान्यात जा, आणि तू स्वतः बरोबर जा, त्याला एकट्याला पाठवू नकोस. तो म्हणेल मी जागाच होतो. कुणाचं तोंड उघडं टाकून पेंगणारं पोर दिसलं तर त्याच्या आईला टॉन्सिल दाखवून घ्यायला सांगते.

परवा राहुरीला लग्नाला गेलो होतो. भाचीनं मला खुर्च्यांच्या मागच्या रांगेत नेलं. तिचं लग्न गेल्याच मोसमात झालंय. नवरा गोरागोमटा, कॉलर सतराच्या आसपास, पुढच्या रांगेत बसल्या बसल्या पेंगत होता. "मामी, हे ऐका ना जरा. सासूबाई म्हणतात, दमून येतो." मी मोबाईल कानाशी घट्ट धरला. घोरणं चढलं, चढलं आणि तुटलं. मी मोजायला लागले. तिकडं स्टेजवर भटजींचा आवाज टिपेला पोचला, सावधान झालं, वाजंत्री सुरू झाली, सगळ्यांच्या अक्षता पुढं गेल्या. भाची माझ्या हाताला हलवत म्हणाली, "मामी, अक्षता!"

"थांब गं," मी म्हटलं, "बारापर्यंत आलेय."